कड दिसता कामा नये

फोटो आधार कार्डावरचा.
त्या कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो,
त्यावर ट्यूबलाइटची तिरकी पट्टी,
आणि मग तीन ग्रुपांतून फिरून आलेला.
वामन भानजी म्हणाला, हीच आई.
बोटीच्या केबिनवर लावायचीय, चार फूट बाय तीन.
दुसरा फोटो नाही. ती फोटोला उभीच राहायची नाही.

तेवढा ताणला असता तर आईच्या जागी
चौकोन दिसले असते, बाथरूमच्या लाद्यांसारखे.
म्हणून मी तिला रेघांनी पुन्हा काढायला घेतलं.
पेन टूल. नाकाला अकरा बिंदू.
गोंदण फोटोत नव्हतंच,
वामनने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून जागा दाखवली.
संध्याकाळी चेहरा पुरा झाला
आणि सपाट, पोस्टाच्या तिकिटासारखा.

मागे स्टुलावर ऑगस्टीन किणी.
मरोळ गावठाणातलं हे दुकान त्यांचं,
आता प्लॉटर आहे तिथे त्यांची डार्करूम होती.
म्हणाले, गालाखाली जाळ थोडं.
जाळू म्हणजे?
बर्न गं. आणि कपाळाला डॉज.
तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल
अजून त्यांच्या खणात आहे, संपलेल्या सेलांसोबत.
लेन्सखाली तो हलवत राहायचे,
कुणाच्या डोळ्यांखाली तीन सेकंद, कुणाच्या पदरावर आठ.
हात थांबला की कड उमटते.
कड दिसता कामा नये.

सर, माझ्याकडे कडेशिवाय आहे काय?
व्हेक्टर म्हणजे सगळी कडच.

तरी लंबगोल काढला. आत ग्रेडियंट,
मध्ये रंग, बाहेर जाता जाता शून्य.
सावलीला मल्टिप्लाय, अठरा टक्के.
काळा भरला तर गाल मळला,
म्हणून तपकिरी, किंचित लालसर.
उजेडाला पिवळट पांढरा, मोड स्क्रीन,
आणि वर गालाच्या आकाराचा मास्क,
नाहीतर उजेड कानाबाहेर सांडतो.
असे सत्तेचाळीस लंबगोल,
त्यातले एकतीस उजेडाचे.

हात तसाच पडलाय माझा.
नवरी असो, नगरसेवक असो, बारशाचं बाळ असो,
माझ्या पडद्यावरून जाताना
दोन छटा गोरा होऊन जातो.
आजवर कुणी परत केलेला नाही.

वामन बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, ताई, ही कोण?

आई काळी होती, म्हणाला.
वर्सोव्याला वलांडीवर बोंबील आणि खाली ती,
दोघांना एकच ऊन.
शनिवारी पाटी घेऊन इथे सुक्या बाजारात,
तुमच्या दुकानावरूनच जायची.

मला आठवेना.
एकतीसच्या एकतीस पुसले.
उन्हाने चाळीस वर्षांत केलेलं काम
मी मल्टिप्लायवर रात्री दहापर्यंत करत बसले.
गालाचं हाड, गळ्याची घडी,
डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या त्या रेघा
ज्या समोर पाणी चमकत असेल तरच पडतात.
डॉज शेवटी एकच ठेवला, खालच्या ओठावर.

सकाळी पहिलं प्रूफ आलं
ते गालाभोवती फिकट चौकोन घेऊनच.
पडद्यावर नसतो तो, छापताना उगवतो.
किणी खूश. बघ, म्हणाले, कड.
सगळे लेयर सपाट केले, पुन्हा छापलं.

दुसरं प्रूफ वामनने दारात नेलं.
बाहेर दोनचं ऊन, कुणाचा तरी टेम्पो मागे येत होता.
त्याने कागद लांब धरला, डोळे बारीक केले,
आणि दुसरा पंजा, नकळत,
तिच्या कपाळावर आडवा धरला,
ऊन लागू नये तसा.

किणी स्टुलावरून अर्धे उठले.
हात हलव रे. एका जागी ठेवू नकोस.

त्याला काय कळलं कोण जाणे.
हलवला त्याने.

लॅमिनेशनसकट अठराशे.
खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षं, पिवळा आधी उडेल,
असं मी बिलाच्या मागे लिहून दिलं.